नऊपैकी नऊ

"नऊ क्षेपणास्त्रं आली होती साहेब. सहा पाडली. तीन नदीपलीकडे वस्तीत पडली."

सचिव कागदात बघून सांगत होता. मंत्री मान मागे टाकून खुर्चीत बसले होते आणि मेकअपवाली त्यांच्या कपाळावर पावडर थोपटत होती.

"सहा सांगायला मी काय खुळा आहे?" मंत्री डोळे न उघडता म्हणाले. "नऊपैकी नऊ."

"पण घरं पडलीत साहेब. माणसं गेलीत. लोक विचारणार."

"पाडलेल्याचे तुकडे पडले म्हणायचं. पाडलं की तुकडे पडणारच!" मग त्यांनी एक डोळा उघडला. "या बाई कोण?"

"खुणावाल्या बाई. बहिऱ्यांसाठी असतात. त्यांचं काही नाही."

मी कोपऱ्यात उभी राहून अंगठी काढत होते. एकोणीस वर्षं मी सरकारी वाहिनीवर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात उभी राहत आले. गडद कपडे, उघडे हात, अंगावर काही चमकणारं नाही. कामाचा नियम एकच: समोरचा जे बोलेल ते हातांनी सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. या नियमाचा मला अभिमान होता.

त्या दिवशी सभागृहात जाहीर चर्चा होती. आलेली क्षेपणास्त्रं हवेतच पाडणारी यंत्रणा आणखी विकत घ्यायची, की तो पैसा वस्त्यांमध्ये तळघरं बांधायला वापरायचा, असा प्रश्न होता. "नऊपैकी नऊ," मंत्री म्हणाले. मी नऊ दाखवले. पुन्हा नऊ दाखवले. "डोक्यावर एवढी मोठी छत्री असताना बिळात कशाला लपायचं? लोकहो, निवांत झोपा!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक निवृत्त शिक्षिका उठल्या. त्यांनी हातात माईक घट्ट धरला होता.

"माझ्या गल्लीत पडलं, ते काय होतं मग? शेजारचे तिघं गेले."

मंत्री हसले. "बाई, ते आपल्या विजयाचे तुकडे. जपून ठेवा, नातवंडांना दाखवायला होतील."

सभागृह खदखदून हसलं. ज्यांना खुणांची भाषा येत नाही त्यांना वाटतं, ती नुसती हातांची असते. तसं नाही. निम्मी भाषा चेहऱ्यावर असते. कोणी चिडून बोललं तर मला चिडावं लागतं, कोणी हसत बोललं तर हसावं लागतं. मी हसले. मंत्री जसे एका गालात हसले, अगदी तसंच. चेहरा कामावर होता. शिक्षिका उभ्याच होत्या. माईक कधीच बंद केलेला होता.

बाहेर सचिवानं मला गाठलं. "साहेब खूश आहेत. म्हणाले, बाई काय छान हसतात!"

मी स्वच्छतागृहात जाऊन ओकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाच्या दुकानात गेले. माझा थोरला भाऊ सोफे-खुर्च्यांना कापड बसवतो. तिसऱ्या वर्षी तापात त्याचे कान गेले. त्याच्याशी भांडता यावं म्हणून मी ही भाषा शिकले, असं आई म्हणायची. तोंडात चार खिळे धरूनही तो मजेत गप्पा मारतो.

त्याच्या इमारतीत बहिऱ्यांची चार घरं आहेत. हल्ल्याचा भोंगा त्यांना ऐकू येत नाही आणि फोनची थरथर झोपेत कळत नाही. म्हणून रोज एकानं जागायचं आणि इशारा आला की बाकीच्यांना हलवून उठवायचं, अशा त्यांनी पाळ्या लावल्या होत्या.

दादा ताजातवाना दिसत होता. "काल सगळे झोपलो," तो हातांनी म्हणाला. "पाळ्या बंद केल्या. तू सांगितलंस ना, नऊपैकी नऊ!"

"मी नाही सांगितलं. मंत्र्यानं सांगितलं."

"मंत्री आम्हाला कुठे ऐकू येतो?" त्यानं सहज खांदे उडवले. "आम्हाला तू दिसतेस."

माझे हात मांडीवर पडले. मी ते उचलले आणि सांगितलं. सहा. तीन वस्तीत पडली. मी तिथेच होते, मी ऐकलं.

दादानं तोंडातले खिळे एकेक करून काढले आणि डबीत टाकले.

"कधी ऐकलंस?"

"आधी."

"हसायच्या आधी?"

"हो."

मला वाटलं, तो हातोडी आपटेल. त्यानं फक्त डोळे मिटले. बहिऱ्या माणसानं समोर बसून डोळे मिटले की तुम्ही कितीही बोला, दार बंद. मी त्याचा गुडघा हलवला. त्यानं डोळे उघडले नाहीत. मग तो उठला, दुकानाचं शटर ओढलं आणि म्हणाला, "रविवारी आमच्या बहिऱ्यांच्या संघाची सभा आहे. तिथे सांग. माझ्या एकट्याच्या कानात सांगून हात झटकू नकोस."

एवढ्या प्रकारात तो 'कानात' म्हणाला. एरवी आम्ही दोघं हसलो असतो.

रविवारी साठेक माणसं होती. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मोबाइल वर धरले. मी चित्रीकरणाला नको म्हटलं नाही. कामावर ऐकलेलं बाहेर सांगणार नाही, अशा कागदावर माझी सही होती. पुढच्या बुधवारी नोकरी गेली ती त्याच कागदावर बोट ठेवून. त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही.

मी सगळं सांगितलं. पावडर, कागद, सहा, तीन, आणि ते हसू. या वेळी चेहऱ्यावर माझंच जे काही होतं ते होतं.

कोणी टाळी वाजवली नाही. आमच्यात टाळी म्हणजे वर उचलून हलवलेले हात. एकही हात वर गेला नाही. संघाचे अध्यक्ष, चष्मे बनवणारे एक म्हातारे गृहस्थ, उभे राहिले.

"आणि त्याआधीचं?" त्यांनी विचारलं. "नळाचं पाणी प्यायला चांगलं आहे म्हणालीस. पूल भक्कम आहे म्हणालीस. आमची मुलं सीमेवर फक्त पहाऱ्याला जाणार म्हणालीस. त्यातलं खरं काय होतं?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी कधी विचारलं नाही."

एकेक मान खाली जाऊ लागली. कोणी बुटांकडे पाहिलं, कोणी खिडकीकडे. दादानंही जमिनीकडे पाहिलं.

तिसऱ्या रांगेत एक बाई होती. तिचा मुलगा पहाऱ्यालाच गेला होता, हे मला ठाऊक होतं. तिनं मात्र माझ्यावरची नजर काढली नाही. रागानं बघत होती, पण बघत होती. तिनं हनुवटी किंचित हलवली: पुढे.

मी तिच्याकडे वळून पुढे बोलू लागले.