ठकी आणि चाळीस उंदीर

"ताई, ठकी गेली," असं म्हणत आमची पीएचडीवाली सकाळी माझ्या खोलीत शिरली आणि स्टुलावर मटकन बसली.

मी तेव्हा पेशींचं पाणी बदलत होते. हातात पिपेट असताना मला कोणी हाक मारलेली खपत नाही. "गेली म्हणजे कुठे गेली?" मी म्हटलं. "ही काय, माझ्यासमोर ढिगानं वाढतेय."

ठकी म्हणजे कुणी बाई नव्हे. एकोणीस वर्षांपूर्वी मी उंदराच्या प्लीहेतल्या पेशींची गाठ न मरणाऱ्या कर्कपेशींशी घालून दिली, आणि पेशी वाढवायच्या ताटल्यांतल्या शेकडो इवल्या खड्ड्यांमधून वेचून वेचून त्यातली एक पेशी निवडली. ती ठकी. तिची सगळी पिल्लावळ तंतोतंत तिच्यासारखी, आणि ती सगळी मिळून एकच एक अँटीबॉडी बनवते. आमच्याकडे उंदरांचे दोन वाण आहेत. दोन्ही काळे कुळकुळीत आणि दोन्ही सारखेच आगाऊ. फरक इतकाच, की रोगाशी लढणाऱ्या त्यांच्या पांढऱ्या पेशींवर एक प्रथिन असतं, ते पहिल्या वाणात एका रूपाचं आणि दुसऱ्यात किंचित निराळं. ठकीची अँटीबॉडी पहिल्याला घट्ट चिकटते, दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. तिला हिरवा रंग लावून ठेवला, की यंत्राच्या पडद्यावर पहिल्या वाणाच्या पेशींचे ठिपके टुणकन उजवीकडे सरकतात. एकाच्या पेशी दुसऱ्यात सोडल्या तर कोणती कुणाची, हे सांगायला आमच्याकडे ठकीच.

"नव्या उंदरांवर एकही ठिपका हलला नाही," पीएचडीवाली रडवेली होऊन म्हणाली. "तीनदा करून बघितलं. मॅडम म्हणाल्या, गोठवायच्या टाकीत तशीही जागा नाही. शुक्रवारच्या मीटिंगपर्यंत ठकी चालली नाही तर तिच्या नळ्या टाकून द्यायच्या आणि अँटीबॉडी बाहेरून विकत आणायची."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. त्या नळ्या मी स्वतः गोठवल्या होत्या, एकेकीवर स्वतःच्या हातानं तारीख घातली होती. आमची प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमना मी मनातल्या मनात बरंच बोलून घेतलं.

तो दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ मी ठकीच्या मागे लागले. रंग ताजा होता, पेशी टवटवीत होत्या. गोठवलेली एक जुनी नळी काढून तिचीही परीक्षा घेतली. ठिपके जागचे हलायला तयार नाहीत. दुपारी डबा खायला बसले तेव्हा माझं तोंड बघून नवऱ्यानं विचारलं, "काय गं, कुणाशी भांडलीस?"

आमचे हे त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर उंदरांची देखभाल करतात. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एक पिंजरा इकडचा तिकडे झालेला नाही, आणि हे ते मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकवतात. माझ्या पेशी बघायला मात्र एकदाही आले नाहीत. "त्यांना ना शेपूट, ना मिशा, बघायचं काय?" असं म्हणतात. पीएचडीवाली मला ताई म्हणते आणि त्यांना काका, म्हणून ती माझी फार लाडकी आहे.

मी सगळं सांगितलं. "माझे उंदीर ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "दोन्ही वाण एकत्र वाढवलेत, सगळ्यांना हवापाणी सारखं मिळावं म्हणून. पहिल्याच्या उजव्या कानाला भोक, दुसऱ्याच्या डाव्या. चाळीसच्या चाळीस मी स्वतः टोचलेत." असं म्हणून त्यांनी पाण्याची बाटली काखेत दाबली आणि उजव्या हातानं झाकण फिरवायला लागले.

मी त्यांच्या डाव्या अंगठ्याकडे बघितलं. तो महिन्यापूर्वी मुरगळला होता, पट्टी अजून तशीच होती.

"अहो, ह्या अंगठ्यानं उंदीर धरलात कसा?"

"युक्ती केली," ते खुशीत म्हणाले. एरवी ते उंदराला जाळीवर उभं करतात, तोंड पलीकडे, आणि मानेची कातडी चिमटीत धरतात. या वेळी चिमूट धरवेना, म्हणून प्रत्येकाला फडक्यात गुंडाळून कुशीत घेतलं. त्यांनी डब्याचा रुमाल चष्म्याच्या घरावर गुंडाळला आणि मला दाखवलं. "असं. बाळासारखं. आणि हा उजवा कान."

चष्म्याच्या घराचं तोंड त्यांच्याकडे होतं. सव्वीस वर्षांच्या सवयीचा हात सरळ स्वतःच्या उजव्या बाजूला गेला होता. तो उंदराचा डावा कान होता.

मी घास तसाच ठेवून उठले. पीएचडीवालीला म्हटलं, "डाव्या कानवाल्यांचं रक्त घे."

"पण ताई, त्यांना ठकी लागणारच नाही."

"म्हणूनच कुणी लावून बघितली नाही. घे."

तासाभरानं आम्ही दोघी यंत्रासमोर बसलो. पहिला ठिपका उजवीकडे सरकला, दुसरा सरकला आणि मग पडद्यावर नुसती झुंबड उडाली. पीएचडीवालीनं मला मिठी मारली. मी एवढ्यानं ओरडले, की शेजारच्या खोलीतून दोघेजण पळत आले. माझी ठकी शहाण्यासारखी वागली होती. चुकले होते ते आम्ही सगळे.

मग एकदम आठवलं, की चुकलं कोण ते.

संध्याकाळी घरी त्यांना सांगितलं. गोड बोलून सांगायचं ठरवलं होतं, पण मला ते जमत नाही. "तुमचे कान उलटे झालेत," मी म्हटलं. ते ताटं मांडायला लागले. जेवण झाल्यावर पुसलेलीच भांडी पुन्हा पुसत बसले. सव्वीस वर्षं मिरवलेली गोष्ट माझ्या हातून मोडणार होती, आणि न मोडावी तर ठकी कचऱ्यात जाणार होती. मला त्यांची दया आली, रागही आला. शेवटी म्हटलं, "उद्या मीटिंगमध्ये मला सांगावंच लागेल."

"हं," ते म्हणाले.

शुक्रवारी मॅडमनी चष्मा वर केला आणि विचारलं, "बोला, ठकीचं काय झालं?" मी घसा खाकरला. तेवढ्यात दार उघडलं. हे उभे होते. डोक्यावर कामाची टोपी, हातात रुमाल गुंडाळलेलं चष्म्याचं घर.

"मॅडम, चूक माझी आहे," ते म्हणाले, आणि सगळ्यांसमोर त्या घराला कुशीत घेऊन कान टोचून दाखवला. कोपऱ्यातून कुणीतरी खुदकन हसलं, मग मॅडमही हसल्या. "चाळीसही उलटे आहेत," ते गंभीरपणे म्हणाले. "उलटे म्हणजे सगळे एकसारखे उलटे. पिंजऱ्यांवरच्या कार्डांवर उजव्याचं डावं करा, एकही उंदीर वाया जात नाही. आणि हिची ठकी बरोबर होती. हिचं काम कधी चुकत नाही, मला घरी रोज त्याचा त्रास आहे."

सगळे पोट धरून हसले. मॅडमनी डोळे पुसले आणि वहीत लिहून घेतलं: नळ्या टाकायच्या नाहीत, आणि यापुढे नवे उंदीर आले की आधी ठकीला दाखवायचे.

मीटिंग संपल्यावर मी माझ्या खोलीत आले, तर हे माझ्या मागे. दारात घुटमळले. "दाखव तरी," म्हणाले.

मी ठकीची बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ते वाकले. काचेपलीकडे गोल गोल, चकचकीत, एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशी. मिनिट झालं, दोन झाली, हे हलायला तयार नाहीत.

"अहो, सरका आता, मला कामं आहेत."

"थांब गं," ते डोळा न काढता म्हणाले. "मिशा नाहीत. पण पोरगी देखणी आहे तुझी."

एकोणीस वर्षं मी हे ऐकायची वाट बघत होते, हे मला त्या क्षणी कळलं. मी त्यांना आणखी थोडा वेळ बघू दिलं.