नव्या इंजिनाच्या अक्षता

मी एक जुना संगणक आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. आपली कहाणी सांगताना गोड बोलावं अशी पद्धत आहे म्हणे. असेल. पण ज्याला जिवंतपणी भंगाराच्या टेम्पोपर्यंत नेलं, त्यानं गोड कुठून बोलायचं?

रत्नागिरीत मांडवीला, समुद्राच्या अंगाला असलेल्या एका घरात मी राहतो. माझे अवयव कुठल्या कुठल्या देशांतून आले आणि मारुती मंदिराजवळच्या एका दुकानात एका माणसानं ते जोडून मला उभं केलं. शेवटी त्यानं माझ्या डोक्यावर बारीक भोकांची एक काळी जाळी बसवली आणि माझ्या मालकाला, खंडूला बजावलं, "ही जाळी काढायची नाही हां. वारा जाऊ दे, बाकी काही आत पडता कामा नये." खंडूची मासेमारीची होडी आहे. यंत्राचं तोंड उघडं टाकू नये हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. ही जाळी तुम्ही लक्षात ठेवा, कारण बाकी कोणी ठेवली नाही.

मी घरी पोचलो आणि खंडूची आई, आवडाबाई, ताट घेऊन पुढे आली. होडीला नवं इंजिन बसवलं की हळदकुंकू लावायचं, अक्षता घालायच्या आणि मगच ते सुरू करायचं, ही त्या घरची रीत. मला पाहून ती म्हणाली, "हे पण इंजिनच ना रे? मग बिनपूजेचं कसं चालू करतोस?" तिनं माझ्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं आणि चिमूटभर अक्षता डोक्यावर टाकल्या. त्या जाळीवर राहिल्या. दुसऱ्या दिवशी तिनं त्या हातानं झाडून कोंबड्यांना घातल्या. पुढे दर दसऱ्याला असंच चालत आलं. मला त्याची सवय झाली. खरं सांगायचं तर मी त्या दिवसाची वाट पाहायचो.

मी काम किती केलं म्हणून सांगू! खंडूच्या मुलाचा, दीपेशचा, दहावीचा निकाल माझ्याच पडद्यावर उमटला तेव्हा अख्खी आळी माझ्यासमोर गोळा झाली होती. होडीच्या परवान्याचे अर्ज मी भरले. संगमेश्वरला दिलेली आवडाबाईची लेक दर रविवारी माझ्यातून आईशी बोलायची आणि आवडाबाई तिच्या गालावरून हात फिरवायला माझ्या काचेवरून हात फिरवायची. तेव्हा सगळे म्हणायचे, "सोन्यासारखा आहे हो हा कॉम्प्युटर." सोन्यासारखा! दिवस फिरले की सोन्याचं डबडं व्हायला वेळ लागत नाही.

दीपेश मोठा झाला, बर्फाच्या कारखान्यात हिशेबनीस म्हणून लागला, आणि त्याला खेळांचा नाद लागला. गाड्या पळवायचे खेळ, गोळ्या झाडायचे खेळ. माझी त्याला हरकत नव्हती. मी जमेल तसं ओढत होतो. मग एक दिवस त्यानं खेळातली चित्रं झरझर पळवणारं नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. ते बसवायला त्याचा मित्र ओमकार आला. या ओमकारनं मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून सगळं ज्ञान मिळवलेलं. उथळ पाण्याला खळखळाट फार! त्यानं कार्ड बसवलं, ते नीट बसवलं हे मान्य करतो. पण जाता जाता माझ्या डोक्यावरची जाळी उपटली. म्हणाला, "कार्ड तापतं रे. हवा खेळायला पाहिजे. ही कशाला पायजे?" आणि ती कॉटच्या मागे भिरकावून दिली.

दीपेशनं सुरू करायला बटणाकडे हात नेला तोच आवडाबाई आली. "थांब रे. नवं इंजिन बसवलंस ना? मग?" दीपेश हसला. त्यानं मोबाईल काढून आजीचा व्हिडिओ घेतला. "टाक आजी, भरपूर टाक, सगळ्यांना दाखवतो," म्हणाला. आजीनं नातवाच्या कौतुकापायी मूठभर अक्षता टाकल्या. जाळी नव्हती. तांदूळ थेट आत आले. काही तळाला पडले आणि तीन-चार नेमके माझ्या प्रोसेसरच्या पंख्यात जाऊन रुतले. प्रोसेसर म्हणजे माझं डोकं. पंखा अडला की डोकं तापतं, आणि डोकं तापलं की जळून जाऊ नये म्हणून मी माझी चाल कमी करतो. दुसरा इलाज नसतो.

झालं! खेळ रखडायला लागला. गाडी दोन हात पुढे जायची आणि थबकायची. आधी जेवढा पळायचा तेवढाही पळेना. दीपेश माझ्या बाजूवर थपडा मारायला लागला. मित्रांनो, मी गप्प बसलो होतो असं समजू नका. दर वेळी सुरू होताना मी पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत होतो की पंख्यात बिघाड आहे, पंखा बघा. खाली 'पुढे जाण्यासाठी बटण दाबा' असं असायचं. हा गडी वरची ओळ न वाचताच बटण दाबायचा! रोज लिहायचो, रोज दाबायचा. बहिऱ्यापुढे ओरडावं तरी किती?

मग ओमकारचे उपाय सुरू झाले. त्यानं कार्डाचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. खेळातलं पाणी, सावल्या, झाडं सगळं कमी केलं. विंडोज पुसून नवीन टाकलं, त्यात आवडाबाईच्या लेकीचे फोटो गेले, त्याचं कोणाला काही वाटलं नाही. पण झाकण उघडून आत डोकावला का? नाही. खाऱ्या हवेनं स्क्रू गंजला होता, तेवढं निमित्त पुरलं. शेवटी हात झटकून म्हणाला, "कार्ड नवंकोरं हाय, त्याचा काय दोष? हा म्हातारा झाला, ओढत नाय. भंगारात दे आणि नवा घे."

चोर सोडून संन्याशाला फाशी! माझ्या अंगाची नुसती आग झाली. ज्याच्या हातून जाळी निघाली तोच माझा न्याय करायला बसला. आणि रागाच्या खाली भीती होती, तीही सांगतो. विठू भंगारवाला माझ्यासारख्यांचं काय करतो ते मी ऐकून होतो. हातोड्यानं फोडतो आणि तांबं वेगळं काढतो.

विठूचा टेम्पो दारात लागला. नवं कार्ड काढून घ्यायचं होतं, पण ते विठूसमोरच काढू म्हणून दीपेशनं मला तसाच काखोटीला मारला आणि ओट्यावर आणला. आवडाबाई वाटेत उभी होती, हातात ताट.

"तसाच नेतोस?" ती म्हणाली. "होडी मोडीत काढली तरी कुंकू लावल्याबिगर किनाऱ्यावरून हलवत नाय आपण. खाली ठेव."

"आजी, टेम्पो थांबलाय गो."

"थांबू दे. इतकी वर्षं राबलाय तो."

दीपेशनं वैतागून मला ओट्यावर उलटाच आपटला. आणि माझ्या डोक्यावरच्या उघड्या भोकांतून तांदूळ गळले. हळद लागलेले, पिवळे तांदूळ. दीपेश बघतच राहिला. मग आत जाऊन त्यानं स्क्रूड्रायव्हर आणला, गंजका स्क्रू जोर लावून काढला, आणि पंख्यात रुतलेले दाणे त्याला दिसले.

मला वाटलं, आता तरी हा शरमेल. कसला शरमतो! आजीवरच उसळला. "तुझ्यामुळं झालं हे सगळं! काय गरज होती तांदूळ ओतायची? यंत्र हाय ते, देव नाय!"

आवडाबाईनं ताट खाली ठेवलं. मित्रांनो, त्या क्षणी मला जो राग आला तो माझ्या स्वतःसाठीही कधी आला नव्हता. आधी मी म्हातारा म्हणून दोषी, आता ती म्हातारी म्हणून दोषी. तिनं ओट्यावर गळलेले दाणे वेचले. मग हळूच म्हणाली, "दर दसऱ्याला घालतंय मी अक्षता. तेव्हा का नाय रे गेल्या आत? वरती जाळी होती. ती कोणी काढलीन?"

दीपेशनं विठूला हात करून परत पाठवलं आणि कॉटच्या मागून जाळी शोधून आणली. दाणे चिमट्यानं काढले, पंखा पुसला, जाळी परत बसवली, मला जोडलं. मी पळालो, मित्रांनो! नव्या कार्डाला घेऊन असा पळालो की दीपेश खुर्चीत उडाला. मग त्यानं ओमकारला फोन लावला आणि म्हणाला, "अरे, मी शोधलं. पंखा अडकला होता." मी शोधलं! आजीचं नाव नाही, जाळीचं नाव नाही, माझी माफी तर लांबच.

यंदाचा दसरा झाला. आवडाबाई ताट घेऊन आली. तिनं माझ्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं. मग चिमटीत अक्षता घेतल्या, हात माझ्या डोक्यापर्यंत आणला, दीपेशकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये होता. तिनं हात मागे घेतला आणि अक्षता तशाच ताटात ठेवून परत गेली. दीपेशनं मान वर केली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातला जुना पंखा, जुना मिक्सर, जुनं माणूस अडलं तर त्याला नाव ठेवायच्या आधी झाकण उघडून बघा. तो कधीपासून काय सांगतोय ते एकदा वाचा. एवढं केलंत तरी माझा अर्धा राग जाईल. उरलेला अर्धा जायचा असेल तर तुमच्यापैकी कोणीतरी मांडवीला या आणि त्या म्हातारीला सांगा, मला बोलता येत नाही म्हणून. तिला सांगा की जाळी जागेवर आहे. आजी, पुढच्या दसऱ्याला घाल गो अक्षता.