पाहुण्याच्या ताटात गळलो मी

मी एक जुनं कौलारू छप्पर आहे, मित्रांनो. कानडी मुलखात, जयनगरात वसुमतीअक्कांच्या खानावळीवर बसलो आहे. ओळख सांगतानाच लाज वाटते, पण ऐका.

माझी कौलं मंगळूरच्या भट्टीत भाजलेली. लॉरीतून ती इथे आली, तेव्हा अक्का निपाणीहून नवी नवरी म्हणून आल्या होत्या. पुढे नवरा गेला आणि अक्कांनी माझ्याखाली खानावळ मांडली. नव्वद सालानंतर पुण्याकडून इथे नोकरीला आलेली कॉम्प्युटरवाली पोरं पिठलं-भाकरीसाठी येऊ लागली. "अक्का, इथे घरच्यासारखं वाटतं," असं ती म्हणायची आणि मीसुद्धा उगाच फुगायचो.

मग माझी लाकडं कुजली. अक्कांनी दयानंद कंत्राटदाराला शाकारायला बोलावलं. त्याच्या माणसांनी कौलांखालच्या नव्या लाकडी पट्ट्या एकमेकींपासून लांब लांब ठोकल्या, त्यामुळे कौलावर कौल नीट चढेना. मला कळत होतं, पण सांगणार कसं? खालून मात्र मी झकास दिसत होतो! काम पसंत पडलं की कारागिराला पाटावर बसवून विडा द्यायचा, ही अक्कांच्या घरची रीत. पावसाची एक सर पडायचीही वाट न बघता त्यांनी विडा देऊन टाकला.

आणि पाऊस आला. देवा रे, जागोजागी गळलो मी! पोरं ताटं उचलून इकडून तिकडे सरकायची. हळूहळू निम्मी दुसरीकडे जेवायला जाऊ लागली. उरलेली गेली असती तर अक्कांनी खायचं काय?

त्यांनी दयानंदला गाठलं. तो म्हणाला, "जुनी कौलं हो अक्का, स्वल्प गळणारच की. आणि काम पसंत नव्हतं तर विडा का दिलात?"

 सगळा दोष माझ्या माथी बसला.

एका दुपारी आभाळ गच्च भरलेलं बघून अक्कांनी त्याला निरोप धाडला, "अण्णा, पुरणपोळी केलीय, या की जेवायला." तो आला, पोरांच्या जागी बसला. सर कोसळली आणि त्याच्या आमटीत टपकन थेंब पडला. तो सरकला. तिथेही टपटप. घरी आलेल्या पाहुण्याच्या ताटात पाणी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुठंही बसा, सगळीकडं तसंच आहे," अक्का हळूच म्हणाल्या. "पोरं रोज असंच जेवत्यात, अण्णा."

दयानंदचा घास हातातच राहिला. "कौलांचा दोष नाही, अक्का," तो खाली मान घालून म्हणाला. "पट्ट्या चुकल्यात. मी वर चढून बघितलंच नाही."

उघडीप मिळताच तो स्वतः वर चढला. कौलं उतरवून पट्ट्या जवळ जवळ ठोकल्या आणि वरून घागरी ओतून अक्कांना खाली उभं करून दाखवलं. एक थेंब नाही!

मित्रांनो, छप्पर खालून बघून शाबासकी देऊ नका, आधी त्यावर पाणी ओतून बघा. गेलेली पोरं आता परत आली आहेत. पण बाहेर पाऊस वाजला की जेवता जेवता ती हात आडवा धरून ताट झाकतात. कोणी मला एक शब्द बोलत नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.