डोंगलवरचं लॅकर

देसांकाचा जावई वुकाशिन बेलग्रेडहून तीन तास गाडी चालवत आला होता, आणि आल्यापासून आणखी तीन तास काचघराशेजारच्या खोलीत लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसला होता. देसांका काठी टेकून दारात उभी होती. उद्या सकाळी सातच्या बसने तिला गरम झऱ्यांच्या गावी जायचं होतं, खुब्याच्या उपचाराला, तीन आठवडे. नंबर लागायलाच अकरा महिने गेले होते. इकडे काचघरात मिरचीची सहाशे रोपं होती, तिच्या गेलेल्या नवऱ्याने, ल्युबिशाने, जन्मभर जपलेल्या बियाण्याची. मार्च महिना, पहाटे बादलीतलं पाणी गोठायचं. रोपांच्या उबेची सोय झाली नाही तर ती कुठेही जाणार नव्हती, मग खुबा राहो की जावो. शेजारच्या रादोयकाकडे किल्ली दे, असं लेक म्हणाली होती. रादोयकाकडे! म्हणजे परत येईपर्यंत निम्मी रोपं तिच्याच वाफ्यात गेलेली असायची.

ही ऊब शरद ऋतूपासून एक डोंगल सांभाळत होतं. अंगठ्याएवढी डबी, खोलीतल्या छोट्या कॉम्प्युटरला खोचलेली. थर्मामीटर तिला बिनतारी निरोप धाडायचे आणि ती हीटर चालू-बंद करायची. छान चाललं होतं. पण रविवारी जावईबापूंना बेलग्रेडमधल्या सोफ्यावर बसून कॉम्प्युटरचा प्रोग्राम नवा करायची हुक्की आली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. नव्या प्रोग्रामला डोंगलच्या पोटातलं जुनं फर्मवेअर चालेना, आणि थर्मामीटर मुके झाले; तेव्हापासून हीटर देसांकाच रात्रंदिवस हाताने चालू-बंद करत होती. आता ते फर्मवेअर बदलायला स्वारी जातीने हजर होती.

"काय म्हणतंय तुमचं यंत्र, जावईबापू?"

"उपकरण प्रतिसाद देत नाही, म्हणतंय. केबल खराब असणार, आई."

"मघाशी सॉकेट खराब होतं. त्याआधी माझ्या घरातली वीज खराब होती. नाचता येईना, अंगण वाकडं! अजून किती अंगणं उरलीत?"

वुकाशिनने चौथी केबल लावली. देसांकाने अठ्ठावीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात बोर्ड जोडले होते, आणि तिच्या हातचा एकही बोर्ड कधी परत आला नव्हता. घरी आलेल्या पाहुण्याचं सूप निवायच्या आत हे दोनदा सांगून व्हायचं. ज्याने आयुष्यात सोल्डरिंगचा एक डाग दिला नाही, त्याला लोक इंजिनियर म्हणतात, याची तिला मनापासून चीड होती.

"डबी उघडून आतलं बटण दाबून धरायचं आणि तसंच खोचायचं, असं लिहिलंय," वुकाशिन चाचरत म्हणाला. "पण उघडली तर वॉरंटी जाते."

"आणि रोपं मेली तर? वॉरंटीचं लोणचं घालू?" तिने खिळ्यावरचा स्क्रूड्रायव्हर काढून त्याच्यापुढे आदळला. "धरायचा कसा, तेही सांगू का?"

त्याने डबी उघडली. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग मोबाईलचा उजेड पाडून तो वाकला.

"आई, बटण खालीच जात नाहीये. वर काहीतरी चकचकीत ओतलंय. कारखान्यातल्या कुणा गाढवाचं काम!"

"बघू," म्हणत देसांकाने चष्मा चढवला.

थर सगळीकडे सारखा होता. ब्रश डावीकडून उजवीकडे फिरलेला. खोचायचं तोंड तेवढं स्वच्छ, कागदी पट्टी लावून झाकलं होतं म्हणून. शरदात या खोलीला ओल धरली तेव्हा तिनेच डबी उघडली होती, आणि खाणीत जाणाऱ्या रेडिओच्या बोर्डाला लावायचे तसं लॅकर, म्हणजे ओल अडवणारं रोगण, लावलं होतं. त्या बोर्डांवर बटणं नसायची. याच्यावर होतं, आणि लॅकर लावल्याचं तिने कुणाला सांगितलंही नव्हतं.

"परत पाठवतो," वुकाशिन चडफडत म्हणाला. "पण नवं शुक्रवारशिवाय येत नाही. म्हणजे तुमची बस..."

गप्प बसणं सोपं होतं. कुठल्यातरी परक्या कारखान्याच्या माथी खापर फुटलं असतं आणि तिची अठ्ठावीस वर्षं कोरी राहिली असती. पण तिथेही कुणी बाई बाकावर मान मोडून बसत असेलच, आणि आत्ता जावई तिला गाढव म्हणाला होता. शिवाय लॅकर कशाने निघतं, हे या खोलीत तिला एकटीलाच माहीत होतं.

"गाढव मी आहे," देसांका म्हणाली. "ते लॅकर माझं."

तिने फडताळातून पहिल्या धारेची राकिया, फळांची कडक दारू, काढली. खुब्याला चोळायला ठेवलेली ती बाटली तिने वाटीत उपडी केली आणि ब्रशने बटणाभोवती घासायला लागली. शरमेने तिचे कान तापले होते. चार वेळा घासून, पुसून झालं. पाचव्यांदा बटण टक् करून खाली गेलं. वुकाशिनने ते दाबून धरलं आणि डबी लॅपटॉपला खोचली. पडद्यावरची पट्टी रखडत रखडत एकदाची भरली. डोंगल जागेवर गेलं आणि थर्मामीटर बोलले: अठरा अंश.

वुकाशिनने तिच्याकडे पाहिलं, पण चकार शब्द काढला नाही. तेच तिला जास्त लागलं.

"बोल की काहीतरी," ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातचा पहिला बोर्ड परत आलाय. तुझ्या जागी मी असते तर ईस्टरपर्यंत पुरवून पुरवून बोलले असते."

"माहीत आहे, आई," लॅपटॉप मिटत तो म्हणाला. "बारा वर्षं ऐकतोच आहे."