प्रत कोणालाही नाही

पोटात दुखतंय म्हटलं की बाकावर बसायला मिळतं.

फोटोकॉपीच्या दुकानावरच्या खोलीत मोठी माणसं लहान खुर्च्यांवर अंग चोरून बसतात आणि ‘हाय’ लिहायला शिकतात.

‘माननीय नातीस.’

एका टॅक्सीवाल्याने फळ्यावर मित्राला पत्र लिहिलं : गाडी नवी घेतली, बायको खूश, मी नाही, ये कधीतरी. बाई म्हणाल्या, झकास.

चहा गार झाला तरी आजी बोलली नाही. असं त्या घरात घडत नसे.

या सगळ्या तुकड्यांना सांधणारा माणूस म्हणजे जावककाका. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर त्यांनी उभी नोकरी काढली. आलेल्या पत्राला नंबर, गेलेल्या पत्राला नंबर. निवृत्त झाले तरी पेपरवाल्यापर्यंत सगळे त्यांना जावककाकाच म्हणत. इंग्रजी येत नव्हतं असं नाही. पण होतं ते सगळं इस्त्रीचं. घरात घालायचं इंग्रजी त्यांच्याकडे एकही नव्हतं.

आवक

नात दूर, दुसऱ्या देशात. मराठीतलं तिला ‘जेवलीस का’ एवढंच कळायचं. फोनवर आईबाप दोन्ही बाजूंना उभे, मग ती ‘हाय आजोबा, बाय आजोबा’ करून सटकायची. शाळेने तिला स्वतःचा ईमेल दिला, तेव्हा मात्र तिने आपणहून आजोबांना लिहायला सुरुवात केली. आधी मांजराबद्दल, मग शिक्षकांबद्दल. आणि एके दिवशी हे : शाळेत पोहण्याचा तास असतो. मला डोकं पाण्याखाली घालायची भीती वाटते. मी पोट दुखतंय सांगते आणि बाकावर बसून पुस्तक वाचते. घरी कुणाला माहीत नाही. फक्त तुम्हाला सांगतेय.

जावककाकांना ते वाचून भरून आलं. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि आपल्या परीने फार मायेने इंग्रजीत उत्तर लिहिलं.

जावक

विषय : जलतरण तासास अनुपस्थितीबाबत. माननीय नातीस, आपले पत्र मिळाले. मजकुराची नोंद घेतली आहे. भीती बाळगू नये. शेवटी ‘आपला नम्र आजोबा’. आणि हात आपसूक गेला तो वरच्या रकान्याकडे : प्रत माहितीसाठी. तिथे त्यांनी मुलाचा पत्ता घातला.

त्यात काही वाकडं होतं असं त्यांच्या मनातही आलं नाही. कनिष्ठाला परस्पर लिहायचं नाही, वरिष्ठाला प्रत जायलाच हवी, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेलं. प्रत न जोडलेलं पत्र त्यांना बिनबटणाच्या सदऱ्यासारखं वाटे.

संध्याकाळी मुलाचा फोन. “बाबा, बरं झालं कळवलंत! हिने आम्हाला पत्ताच लागू दिला नव्हता. आता शनिवारी वेगळी शिकवणी लावलीय.”

जावककाका खूश. नातीची मेल मात्र आली नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. फोनवर ‘हाय आजोबा’ही गेलं, नुसता दरवाजा लागल्याचा आवाज.

“तुम्ही काय केलंत, कळलं का तुम्हाला?” आजीने विचारलं. “पोरीची चुगली केलीत.”

“चुगली कसली? प्रत पाठवली. माहितीसाठी.”

“अहो, तिने तुमच्या कानात सांगितलं, तुम्ही दवंडी पिटलीत! या वयात आता दुसरं कोण येणार आहे तुमच्या कानात सांगायला?”

एवढं बोलून आजीने चहा समोर ठेवला, तो तसाच गार झाला.

शेरा

म्हणून जावककाका फोटोकॉपीच्या दुकानावरच्या त्या इंग्रजीच्या क्लासात जाऊन बसले. बाईंनी सांगितलं, मित्राला मेल लिहा, मोकळेपणाने. त्यांनी लिहिलं. बाईंनी वाचलं आणि कागद पंख्यासारखा हलवला.

“काका, हे मित्राला आहे की पाणी तोडायची नोटीस?”

वर्ग हसला. जावककाका उभे राहिले. चूक निघाली की उभं राहायची सवय.

“बाई, विषय नाही, मागणी नाही, तक्रार नाही. मग पत्र पाठवायचंच कशाला?”

“घरी बायकोशी बोलता ते कोणत्या विषयाच्या संदर्भात?” मागून टॅक्सीवाला.

“ती बोलते. मी पोच देतो.”

या वेळी हशा मोठा झाला आणि त्यात जावककाकाही होते. बाईंनी डोळे पुसत त्यांच्या कागदावर खालच्या ओळीला काट मारली. “आणि ही प्रत कुणाला?”

“मित्राच्या वडिलांना.”

बाई हसल्या नाहीत. त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. “काका, तो रकाना रिकामा ठेवता येतो. तो मोकळा आहे म्हणून भरायचा नसतो.”

मग परीक्षा झाली. दहापैकी चार.

मसुदा

पहिल्या मसुद्यात त्यांनी ‘दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे’ लिहिलं आणि खोडलं. कोण व्यक्त करतंय? दुसऱ्यात पोहण्याचे फायदे आले, तेही खोडले. मग लिहिलं :

हाय. मी तुझी गोष्ट बाबाला सांगितली. सांगायची नव्हती. माझं चुकलं. मी आता इंग्रजीच्या क्लासला जातो. माझ्या खुर्चीचा पाय हलतो, म्हणून मी हलत नाही. परीक्षेत मला दहापैकी चार मिळाले. आजीला सांगितलंय की पेपर अजून मिळाले नाहीत. पेपर माझ्या बुटात आहे. हे फक्त तुला सांगतोय.

“काय लिहिताय एवढं?” मागून आजी.

आणि जावककाकांनी आयुष्यात प्रथमच आपल्या कागदावर हात ठेवला. म्हणजे पडद्यावर. दोन्ही हात.

“अगं, काही नाही.”

आजीने त्यांच्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. “बरं,” म्हणाली आणि गॅसवर काहीही नसताना स्वयंपाकघरात गेली.

प्रतीचा रकाना उघडा होता. कर्सर तिथे डोळे मिचकावत होता. बोटं शिवशिवली. त्यांनी हात मांडीखाली दाबून ठेवला, दुसऱ्या हाताने मेल पाठवली आणि दार उघडं ठेवून बाहेर पडल्यासारखे अस्वस्थ झाले.

आवक

उत्तर लगेच आलं नाही. जावककाका रोज पाहत, आणि आपण पाहत नाही असं दाखवत. मग आलं :

चार खूपच वाईट आहेत. बुटात ठेवू नका, वास येईल. तुम्हाला पुन्हा काही सांगायचं की नाही हे मी अजून ठरवलं नाहीये. तोपर्यंत तुम्ही सांगा.

त्यांनी ते परत परत वाचलं. ‘ठरवलं नाहीये’वर बोट ठेवून वाचलं. मग पेपर बुटातून काढून शब्दकोशात ठेवला आणि लिहायला बसले : वर्गात काल टॅक्सीवाल्याने माझी नक्कल केली. चांगली केली.

“काय म्हणतेय पोर?” आजीने दारातून विचारलं.

“गोपनीय आहे.”

“अहो, मला तरी!”

“नाही.”

“आता शिकले एकदाचे,” आजी म्हणाली आणि हसत हसत त्यांच्यासाठी पुन्हा चहा टाकला.

क्लासमध्ये नाव घालायला गेले त्या दिवशी बाईंनी विचारलं होतं, इंग्रजी कशासाठी शिकायचंय, आणि जावककाकांनी नातीचं नाव न काढता खाली बघत सांगितलं होतं, नोकरीसाठी.