पाट्याचे बुश

सुमंगलेला सातवा लागला ते साल नव्व्याण्णव. त्या वर्षी संक्रांत उरकल्यावर रघुजी लेकीला बाळंतपणासाठी आणायला धरमपुरीला गेले आणि एकटेच परत आले. पिकअप अंगणात उभी करून ते बराच वेळ खालीच उतरले नाहीत. सगुणाबाईंनी दारातून पाहिलं, शेजारची जागा रिकामी.

"का हो? पोरगी कुठंय?"

"तात्यासाहेब नाही म्हणाले."

"नाही म्हणजे?"

"म्हणाले, रघुजीराव, आमची सून आम्ही ह्या खडखड्यात बसवणार नाही. मागल्या खेपेला जे झालं ते एकदा पुरे झालं."

मागल्या खेपेला सुमंगला चौथ्या महिन्यात भाड्याच्या जीपमधून लग्नाला गेली होती. ड्रायव्हरनं गाडी पळवली आणि तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. चूक जीपची होती की नशिबाची, ते कोणाला ठाऊक. पण तेव्हापासून तात्यासाहेबांनी भाड्याच्या गाडीचं नाव काढू दिलं नव्हतं. आता व्याह्यांची स्वतःची गाडी आली, तर तिचा आवाज फाटकाच्या अलीकडे अर्धा फर्लांग ऐकू येत होता.

"आणि ती?" सगुणाबाईंनी विचारलं.

"ती काय बोलणार? ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. पिशवी भरून ठेवली होती तिनं." रघुजी उतरले. "मी म्हटलं, गाडी नीट करून आणतो. तर म्हणाले, आणा, मी स्वतः बसून बघतो. पण आठवा लागायच्या आत. आठव्यात पोटुशीला हलवत नाहीत."

"मग दिवस किती राहिले?"

"अकरा."

गाडी अठ्ठ्याऐंशी सालची. रघुजींचे आजोबा धारच्या संस्थानात पागेवर होते, वडील नुसतेच आठवणींवर होते, आणि रघुजी देवासला येऊन ह्या पिकअपवर बटाटा, लसूण, सोयाबीन वाहत होते. बदनावरच्या मंडीपर्यंत त्यांच्या फेऱ्या. माल वाहायला गाडी ठीक होती. पोत्याला कंबर नसते.

फत्तेसिंगचं गॅरेज उज्जैन रोडला होतं. त्यानं गाडीखाली घुसून पान थुंकण्याइतक्या वेळात निकाल दिला.

"भिया, पाट्याचे बुश गेले, स्प्रिंगच्या टोकातली रबरं. सगळे. लोखंडावर लोखंड वाजून राहिलंय. इंजिनखालच्या रबरी माउंटिंग गेल्या, केबिनच्या गेल्या. आत्तापर्यंत चालवली कशी?"

"जशी चालली तशी."

"लाल वाले टाका आता. नवीन आलेत. रबर नाही ते, प्लास्टिकसारखं काहीतरी आहे. कडक, एकदम. गाडी विकाल पण बुश नाही बदलणार."

रविवारी रघुजी गेंदालाल सेठच्या स्पेअर पार्टच्या दुकानात निघाले, तेव्हा सगुणाबाईंनाही बाजारातून डिंक आणि खारीक आणायची होती. लेक येवो न येवो, लाडवांचं सामान आणून ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून त्या गाडीत बसल्या. नाहीतर त्या दुकानाची पायरी चढायचं त्यांना कारण नव्हतं.

सेठनं लाल बुश काचेच्या काउंटरवर मांडले. "ये लो रघुजी भिया. लाइफटाइम. डेढ़ टन भी लाद दो, कुछ नहीं होगा."

रघुजींनी एक उचलला, वजन केल्यासारखा हातात हलवला आणि मान डोलावली. मागून आवाज आला, "जरा तो इकडे द्या."

सगुणाबाई बाहेर पायरीवर उभ्या होत्या, त्या आत आल्या होत्या. त्यांनी लाल बुश हातात घेतला, अंगठ्याचं नख रुतवायला पाहिलं. नख रुतलंच नाही.

"हे तर दगड आहे," त्या म्हणाल्या. "सेठ, काळे दाखवा. रबराचे."

"काकी, रबर तो पुराना हो गया अब."

"दाखवा तर."

सेठनं हसत हसत तीन-चार डबे काढले. डब्यांवर चित्रं, नंबर, मोठमोठी नावं. सगुणाबाईंनी डब्यांकडे पाहिलंही नाही. एकेक बुश काढून नाकाशी नेला. एक बाजूला सारला. "ह्यात जुना टायर दळून घातलाय." दुसरा सेठच्या बिलाच्या कागदावर ओढला, काळी रेघ उठली. तोही बाजूला. तिसऱ्यावर नख दाबलं आणि सोडलं, आणि त्या नखाच्या खुणेकडे पाहत राहिल्या. खूण भरून यायला वेळ लागला. चौथ्यावर दाबलं. खूण उठली आणि लगेच पुसली गेली.

"हे घ्या," त्या म्हणाल्या.

रघुजींनी बायकोकडे पाहिलं. सतरा वर्षं ती इंडस्ट्रियल एरियातल्या रबराच्या कारखान्यात जात होती. सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी बोटांना काळं घेऊन यायची. काय करतेस म्हणून एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणाली होती, "रबर कापते." साच्यातून निघालेल्या मालाच्या कडेला पातळ झालर राहते, ती बायका छोट्या पात्यानं छाटतात. दिवसाला हजार-बाराशे नग. एवढंच त्यांना माहीत होतं, आणि त्यापुढं विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

"अगं, हे मऊ आहेत," ते हळूच म्हणाले. "फत्तेसिंग काय म्हणाला ते ऐकलं नाहीस का? हंगामात टनभर माल घातला की दसऱ्यापर्यंत उडतील."

"उडू द्या."

"पोट त्या गाडीवर आहे आपलं."

"आणि तिचं पोट?" सगुणाबाईंचा आवाज चढला नाही. "दसऱ्यापर्यंत टिकले ना? मला दोन महिने पुरे. तोवर लसणाच्या हलक्या फेऱ्या करा."

गेंदालाल सेठ मध्ये पडला. "ले लो भिया, ले लो. काकी के आगे तो मेरे डब्बे भी नहीं टिके." आणि सगुणाबाईंनी नापास केलेले डबे त्यानं गुपचूप खालच्या फळीवर सरकवले.

इंजिनच्या माउंटिंग मात्र त्यांनी मऊ घेऊ दिल्या नाहीत. इंजिन फार नाचलं की केबिनही नाचते, ते मध्यम रबरावरच बरं. केबिनच्या मऊ. पाट्याच्या मऊ. हे त्यांनी भाजी निवडावी तसं निवडून पदराखालच्या पिशवीत भरलं आणि मग त्या डिंक घ्यायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी टाकून त्या गॅरेजमध्येही आल्या. फत्तेसिंगनं स्टूल दिलं, पण त्या बसल्या नाहीत. त्यानं पहिला बुश जळक्या ऑइलच्या डब्यात बुडवला.

"हां, तेल नको!"

"भाभी, तेलाशिवाय आत कसा जाणार?"

"साबणाचं पाणी घ्या. तेलानं रबर फुगतं. महिन्यात लोणी होईल त्याचं."

"पंचवीस साल से ऐसे ही डाल रहा हूँ."

"आणि पंचवीस साल लोक परत येतच असतील तुमच्याकडे."

रघुजींना हसू आवरेना. फत्तेसिंगही हसला, पण साबणाचं पाणी करायला गेला. बुश बसले. गाडी जॅकवर अधांतरी होती, चाकं लोंबत होती. फत्तेसिंग लांब पाना घेऊन बोल्ट आवळायला वाकला, तशा सगुणाबाई पुन्हा पुढं आल्या.

"आत्ता नका आवळू. आधी गाडी खाली घ्या."

आता मात्र त्यानं पाना खाली ठेवला. "रघू भिया, भाभीला गॅरेज काढून द्या. मी रबर कापायला जातो."

"का गं?" रघुजींनी विचारलं. "खाली घेतल्यावर हात कसा पोचणार त्याचा?"

सगुणाबाई जरा संकोचल्या. एवढ्या पुरुषांत एवढं बोलायची त्यांना सवय नव्हती. "कारखान्यात फाटलेला माल परत यायचा. तो निवडायचं काम आमच्याच टेबलावर. मी बघायची, सगळे एकाच जागी फाटलेले, पीळ पडून. एक दिवस साहेबांना विचारलं. ते म्हणाले, मेकॅनिक गाडी अधर असताना आवळतात. मग गाडी टेकली की पाटा फिरतो आणि रबर पिळलं जातं. ते तसंच पिळलेलं चालत राहतं बिचारं, फाटेपर्यंत."

फत्तेसिंगनं डोकं खाजवलं. मग जॅक उतरवला, गाडी चाकांवर टेकवली, पाठीखाली गोणपाट घेऊन खाली सरपटला आणि अवघडून, शिव्या घालत एकेक बोल्ट आवळला. शिव्या बोल्टला होत्या.

नवव्या दिवशी रघुजी धरमपुरीला पोचले. तात्यासाहेब फेटा बांधूनच बाहेर आले. काठी मुलाच्या, म्हणजे रघुजींच्या जावयाच्या, नीळकंठच्या हातात दिली आणि केबिनमध्ये चढले. "चला धामनोदच्या नाक्यापर्यंत. नेहमीसारखी चालवा. आमच्यासाठी म्हणून हळू नको."

रस्ता फुटलेलाच होता. पहिला मैलभर तात्यासाहेबांनी समोरच्या दांडीला गच्च धरलं होतं. एक खड्डा चुकवता आला नाही. गाडी बसली आणि उठली, म्हशीनं अंग हलवावं तशी. दुसऱ्या मैलाला त्यांचा हात दांडीवरून सुटला. ते नदीवरच्या घाटाचं, ह्या साली पाणी किती उतरलं त्याचं बोलू लागले. आणि बोलता बोलता त्यांनी कोटाच्या खिशातून अडकित्ता काढला, सुपारी धरली आणि कातरायला लागले. केसासारखी बारीक, एकसारखी. रघुजींनी ते पाहिलं आणि नजर रस्त्यावरच ठेवली.

धामनोदच्या नाक्यावर गाडी वळवताना तात्यासाहेब म्हणाले, "कोणी केलं हे काम?"

"फत्तेसिंग म्हणून आहे." रघुजी थांबले. मग म्हणाले, "करून घेतलं आमच्या घरातून."

तात्यासाहेबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "विहीणबाईंनी?" त्यांनी सुपारीचं खांड पुढं केलं. "उद्या सकाळी ऊन चढायच्या आत निघा मग."

मानपूरचा घाट चढताना सुमंगला झोपली होती. देवासला अंगणात गाडी थांबली तेव्हा ती जागी झाली आणि म्हणाली, "आलं पण?" सगुणाबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. चैत्रात नात झाली, अवंती. बुश दसऱ्याच्या आधीच गेले. रघुजींनी कोणते घालू विचारलं, तर सगुणाबाई म्हणाल्या, "आता लालच घाला. आता कोण बसणार आहे त्यात?"

सहा वर्षं लाल बुशांवर माल वाहिला. मग सगुणाबाईंच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिसला इंदूरला न्यावं लागू लागलं. त्या कधी काही म्हणाल्या नाहीत. पण खड्डा आला की त्यांचे डोळे मिटतात हे रघुजींना दिसलं. ते गेंदालालकडे गेले. काउंटरवर काळे बुश मांडले गेले, चार कंपन्यांचे, चकाकत्या डब्यांतले. त्यांनी नख दाबून पाहिलं. त्यांना चारही सारखेच वाटले. "सेठ, चारों दे दो, घर दिखाके लाता हूँ." सेठनं चारही पिशवीत घालून दिले.

सगुणाबाई खाटेवर पडून होत्या. त्यांनी एक बुश घेतला, नख दाबलं. जोर आला नाही.

"माझ्याच्यानं नाही होत. तुम्ही दाबा, मी बघते."

रघुजींनी दाबलं. "सोडा," त्या म्हणायच्या आणि डोळे बारीक करून पाहायच्या. तिसऱ्याला म्हणाल्या, "हा." मग रघुजींचा अंगठा हातात घेतला. "किती जोरानं दाबता हो! रबर आहे ते, लिंबू नाही."

त्या बुशांवर त्या अकरा वेळा इंदूरला जाऊन आल्या.

बाराव्या खेपेला दवाखान्यानं परत न्यायला त्यांची गाडी देऊ केली. नीळकंठही म्हणाला, "मामा, तुम्ही नका चालवू." रघुजी म्हणाले, "आपल्याच गाडीतून नेऊ." मागं गाद्या अंथरल्या. सुमंगला आईजवळ बसली. पस्तीस किलोमीटरला दोन तास लागले. मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते, पुढं निघून जात होते. रघुजी प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी पार थांबवून मग एकेक चाक उतरवत होते.

ती तारीख तेरा डिसेंबर दोन हजार पाच, मंगळवार. सगुणाबाई त्या दिवशी दुपारी सव्वादोन वाजता दवाखान्यातच वारल्या होत्या.