किटलीखालची जाळी

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. जाळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर खिडकी आणि डास येतात, हे मला माहीत आहे. मी डास अडवत नाही. मी आग अडवते.

माझा जन्म मारहाणीत झाला. पोलादाची लांबलचक पट्टी दातेरी रुळांत घालून चेचली, तिला चुण्या पाडल्या, तिची गुंडाळी केली आणि ती एका कड्यात हातोड्याने ठोकून बसवली. अशी मी तयार झाले. ताटाएवढी गोल, मनगटाएवढी जाड, अंगभर बारीक फटी. तपासनिसाने मला उजेडासमोर धरले आणि "छान" म्हटले. ही माझी पहिली शाबासकी. दुसरी मिळाली ती किटलीखाली, पण ते पुढे येईलच.

मला कागदाच्या गिरणीत पाठवले. गिरणीमागे, रस्त्यापलीकडे, शहराच्या कचऱ्याचा डोंगर होता. माणसे नकोसे झालेले सगळे तिथे टाकत आणि विसरत. कचरा विसरत नसे. तो आतल्या आत कुजे, तापे आणि त्यातून गॅस निघे. पूर्वी हा गॅस वाटेल तिथून फुटायचा. एकदा तो बुलडोझरखालीच पेटला आणि चालकाने जळत्या बुटांनिशी उडी मारली. मग शहाण्या माणसांनी डोंगरात भोके पाडून नळ्या खुपसल्या, ब्लोअरने गॅस ओढून घेतला आणि पाइपातून गिरणीच्या बॉयलरला दिला. कोळसा बंद झाला. माणसे भाजणारा डोंगर आता पाणी उकळू लागला.

माझी जागा बॉयलरच्या तोंडाशी, पाइपातल्या एका लोखंडी डब्यात. गॅस माझ्यातून पुढे जाई आणि जळे. पण आगीला मागे फिरायची खोड असते. गॅसमध्ये हवा मिसळली की ज्योत उलटी पाइपात शिरते आणि धावत सुटते. ती माझ्यावर मुस्काटात मारल्यासारखी आदळते, फटींत घुसते, माझे पोलाद तिची सगळी उष्णता पिऊन टाकते आणि ती मरते. अशा कितीतरी ज्योतींचा मी गळा दाबला आहे. बाहेर फक्त 'टक्' असा आवाज येई. बॉयलरवाले म्हणत, "उंदीर असेल."

बॉयलरवाले म्हणजे दाजी. सगळी गिरणी त्यांना दाजी म्हणे, कारण डोंगरावरचा ब्लोअर त्यांचा मेहुणा चालवी आणि फोनवर सारखा "दाजी, दाजी" करी. दाजींची बायको, म्हणजे मेहुण्याची ताई, गिरणीतच कागदाचे गठ्ठे बांधायच्या खात्यात होती.

गॅसबरोबर ओल येते, धूळ येते, चिकटा येतो. माझ्या फटी बुजत. सुरुवातीला मला नेमाने धूत. नंतर 'पुढच्या वेळी' धूत. माझा श्वास कोंडला आणि बॉयलरची ज्योत मलूल झाली.

"काय मेहुणे, डोंगर उपाशी आहे का तुमचा?" दाजींनी फोनवर विचारले.

"डोंगर ठणठणीत आहे. तुमच्या बॉयलरलाच पचत नसेल."

"बॉयलरचं काढू नकोस. तू शाळेत होतास तेव्हापासून चालतोय."

"तेच म्हणतोय दाजी. वय झालं."

दाजींनी फोन आपटला आणि माझा डबा उघडला. मी आत काळीठिक्कर, बुजलेली. म्हणजे खोट त्यांच्याच टोकाला होती. हे मेहुण्याला कळता कामा नये. त्यांनी मला बाहेर काढले आणि डबा रिकामाच बंद केला. धुवायला वेळ नव्हता, चहाला होता. टेबलावर किटलीचे डाग पडतात म्हणून साहेब ओरडले होते. दाजींनी मला फडक्याने पुसून किटलीखाली सरकवले आणि म्हणाले, "वा! मापात बसली."

तिकडे मेहुण्याने ब्लोअर पूर्ण जोरात सोडला. डोंगर देतो त्याहून जास्त ओढले की तो भेगांतून हवा आत घेतो. गॅसमध्ये हवा आली तशी हवा मोजणारे यंत्र बोंबलू लागले. मेहुण्याने त्याच्या भोंग्यात चिंधीचा बोळा कोंबला. दाजींना कळवायचे, तर आपला गॅस पातळ आहे हे कबूल करावे लागले असते.

ज्योत मोठी झाली. दोघांनाही वाटले, आपण जिंकलो. दुपारी मेहुणा मिरवायला बॉयलरखोलीत आला.

"बघा, कसा फणफणतोय! आता तरी माना."

"मानलं. चहा घे."

दाजींनी किटली उचलली. मेहुण्याने मला पाहिले.

"ही पाइपातली जाळी ना?"

"स्टँड आहे."

"दाजी, जाळी आहे ही! आणि तिकडून मी हवा..." तो थांबला.

"हवा काय? तुझा भोंगा वाजला नाही?"

"बोळा घातलाय."

"गाढवा, जीव घेतोस का माझा?"

"मी? आग सोडलीत मोकळी आणि चहा पिताय!"

डोके ठिकाणावर असलेली माणसे अशा वेळी गॅसचा कॉक बंद करतात. यांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या. दाजींनी पाना उचलला, मेहुण्याने किटली हिसकावली. पाना मेहुण्याच्या बरगडीवर बसला, उकळता चहा दाजींच्या खांद्यावर सांडला, टेबल उलटले आणि आम्ही तिघे जमिनीवर कोसळलो.

त्याच क्षणी ज्योत उलटली. सवयीने मी 'टक्'ची वाट पाहिली. ज्योत माझ्या रिकाम्या घरातून न थांबता निघून गेली. पाइप छातीच्या उंचीवर फाटला. लोखंडाच्या चिरफळ्या भिंतीत रुतल्या, खिडकी चौकटीसकट रस्त्यावर गेली आणि जिथे दोघे एवढ्यात उभे होते तिथून आगीचा लोळ गेला. भांडण जमिनीवर आले नसते, तर दोघांची मुंडकी जागेवर राहिली नसती. दाजींच्या भुवया जळाल्या. मेहुण्याच्या कानातून रक्त आले.

ताई धावत आली. फाटक्या पाइपातून आग फुत्कारत होती, कारण ब्लोअर अजून पूर्ण जोरात गॅस पाठवत होता. तिने ओले गोणपाट हातांना गुंडाळले आणि दाराजवळचा तापलेला कॉक फिरवला. गोणपाट वाफाळले, तळहात पोळले, पण आग मेली. मग ती वळली.

"सुरू कोणी केलं?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले. पुढे तिने काय केले ते सांगत नाही, लहान मुले वाचत असतील. पाना तिच्या हातात होता, एवढेच सांगते.

नवा पाइप बसला. हातांच्या पट्ट्या सुटल्यावर ताईने मला स्वतः घासले आणि माझ्या जागी बसवून घेतले. किटलीचा गोल डाग गेला नाही. दाजींच्या भुवया नीट उगवल्या नाहीत, त्यामुळे ते कायम चकित दिसतात. मेहुणा डाव्या कानाने बहिरा झाला. दाजींशेजारी बसताना तो डावी बाजू त्यांच्याकडे करतो. फोनवर मात्र आता आधी "हवा किती?" आणि मग "जाळी धुतली का?" एवढे विचारल्याशिवाय भांडण सुरू होत नाही.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. जे काही तुमच्या घरात, कारखान्यात गप्प बसून मार खाते, त्याला अडगळ समजू नका. त्याला धुवा, पुसा आणि त्याच्या जागेवर राहू द्या.

परवा ज्योत पुन्हा उलटली. माझ्यावर आदळली, मेली. टक्. दाजींनी कप खाली ठेवला. उंदराचे नाव काढले नाही. ते उठले, आधी कॉक बंद केला आणि मग मला धुवायला काढले.